चूक त्यांची, कागद आपला



गेल्या अंकात बँक खात्याला वारसाचं नाव लावण्याबद्दल लिहिलं होतं. त्यानंतर आलेल्या फोनपैकी तीन फोन मात्र वेगळ्याच विषयाचे होते. तिघांच्या गाड्यांना कुणी तरी धडक दिली होती. चूक समोरच्याची, समोरच्या गाडीला विमाही आहे, पण त्याची विमा कंपनी दाद देत नाही. मग करायचं काय, हा तिघांचाही प्रश्न होता.

याचं उत्तर मला पुस्तकातून शोधावं लागलं नाही. गेल्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीच्या घरात हेच घडलं आणि कागदांची ती फाइल सव्वा वर्ष माझ्याच कपाटात होती. तिच्या परवानगीने ती हकीकत सांगतो. त्यातून रस्ता कळेल.

उदगावजवळ काय झालं

बहीण मिरजेला असते. चार वर्षांपूर्वी तिचे शोहर अल्लाहला प्यारे झाले. घरी नानखटाई, खारी आणि जिऱ्याची बिस्किटं करून ती आसपासच्या दुकानांना पुरवते. मरहूम दुल्हेभाईंनी घेतलेली छोटी गाडी आता नऊ वर्षांची झाली आहे. त्याच गाडीतून ती आणि भाची माल पोचवतात. शाबानचा महिना होता. रमजानच्या ऑर्डरी सुरू झाल्या होत्या. जयसिंगपूरकडे जाताना उदगावजवळ पुढे ट्रॅक्टर वळत होता म्हणून गाडी थांबली आणि मागून भाजीचा पिकअप येऊन आदळला. अल्हम्दुलिल्लाह, कुणाला खरचटलंही नाही. डिकी मात्र आत गेली, बंपर तुटला, दोन्ही टेललॅम्प फुटले.

पिकअपचा पोरगा वीस-बावीसचा. खाली उतरून हात जोडून म्हणाला, "मावशी, चूक माझी झाली. ब्रेक उशिरा लागला. गाडीला इन्शुरन्स आहे, शेठ सगळं भरून देतील."

बहिणीला त्या पोराची दया आली. नंबर घ्यावा आणि निघावं, असं तिला वाटलं. पण भाची कॉलेजात शिकते. तिने दोन्ही गाड्या जागेवरून हलवण्याआधी फोटो काढले. नंबरप्लेट, रस्ता, ब्रेकच्या खुणा, थांबलेला ट्रॅक्टर, सगळं त्यात आलं. मग वहीचं पान फाडून त्या पोराला म्हणाली, "दादा, आत्ता बोललात तेवढंच इथे लिहून सही करा." त्याने लिहिलं. तारीख, वेळ, गाडीचा नंबर, "माझ्या गाडीची मागून धडक लागली" आणि सही. शेजारच्या टपरीवाल्याने साक्षीदार म्हणून नाव आणि मोबाइल नंबर दिला.

बहीण नंतर मला म्हणाली, "भाईजान, मला फार अवघड वाटलं. त्या बिचाऱ्यावर अविश्वास दाखवल्यासारखं झालं." मी तिला एवढंच म्हणालो की कुरआन शरीफमधली सगळ्यात लांब आयत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आणि त्याला साक्षीदार ठेवण्याबद्दल आहे. लिहून घेण्यात अपमान नाही. उद्या विसरणाऱ्याला आणि मुकरणाऱ्याला दोघांनाही त्यातून वाचवता येतं.

आणि झालंही तसंच. आठ दिवसांनी पिकअपच्या मालकांनी फोनवर सांगितलं, "तुमच्या बाईंनीच अचानक ब्रेक मारला." पोरगा फोन उचलेना.

पहिला गैरसमज: ती कंपनी आपली नाही

बहिणीच्या गाडीची पॉलिसी फक्त थर्ड पार्टीची होती. हप्ता कमी बसतो म्हणून जुन्या गाड्यांना पुष्कळ लोक तेवढीच घेतात. त्या पॉलिसीतून आपल्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरलं जातं, आपल्या गाडीचं नाही. म्हणजे तिच्यासाठी एकच दार उरलं होतं, पिकअपच्या विमा कंपनीचं.

आपण तिथे गेलो की काउंटरवरचा माणूस विचारतो, "पॉलिसी नंबर?" तो आपल्याकडे नसतो. मग ऐकावं लागतं, "तुम्ही आमचे ग्राहक नाही, तुमच्या कंपनीकडे जा." पुष्कळ लोक इथूनच घरी परततात.

त्या माणसाचं अर्धं म्हणणं खरं आहे. आपण त्यांचे ग्राहक नाही. त्यामुळे विमा लोकपालाकडे तक्रार चालत नाही, ते दार पॉलिसी घेणाऱ्याला असतं. ग्राहक आयोगातही अशा अपघाताची भरपाई मागता येत नाही. पण आपण कायद्याच्या भाषेतले "तिसरा पक्ष" आहोत आणि आपल्यासाठीच तर थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला आहे. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे आपला दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे एमएसीटीमध्ये चालतो. लोकांना वाटतं ते फक्त मृत्यू आणि जखमींसाठी आहे. तसं नाही. गाडीचं किंवा इतर मालमत्तेचं नुकसानही तिथे मागता येतं. हे न्यायाधिकरण जिल्हा न्यायालयाच्या व्यवस्थेतच असतं.

अर्ज कुठे करायचा, याचीही सोय आहे. अपघात झाला तिथे, आपण राहतो किंवा धंदा करतो तिथे, किंवा समोरचा राहतो तिथे, यांपैकी कुठेही. आमचा अपघात कोल्हापूर जिल्ह्यात झाला, पण बहीण मिरजेची म्हणून अर्ज सांगलीला केला. तारखांना दुसऱ्या जिल्ह्यात जाण्याची कटकट वाचली.

एक गोष्ट मात्र ठळक लक्षात ठेवा. १ एप्रिल २०२२ पासून या अर्जाला अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. "बघतो", "पुढच्या आठवड्यात या", "साहेब रजेवर आहेत" यात सहा महिने कसे जातात ते कळत नाही. बोलणी चालू ठेवा, पण अर्जाची तारीख डोक्यात ठेवा.

कागद कसे जमवले

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बहिणीला घेऊन हद्दीच्या पोलीस ठाण्यात गेलो. कुणी जखमी नसेल तर पोलीस म्हणतात, "आपसात मिटवा." त्यांनाही कामं असतात. आम्ही नम्रपणे पण ठामपणे सांगितलं की गुन्हा दाखल करायचा आग्रह नाही, फक्त अपघाताची खबर नोंदवून घ्या आणि त्याची प्रत द्या. ती मिळाली. अपघात करणाऱ्या चालकानेही चोवीस तासांत पोलिसांना कळवायचं असतं आणि आपल्या विमा कंपनीला लेखी माहिती द्यायची असते. कलम १३४ मध्ये हे कर्तव्य लिहिलेलं आहे.

पिकअपची विमा कंपनी कोणती, पॉलिसी चालू आहे का, हे एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून दिसलं. ॲपवर मिळालं नाही तरी अडत नाही. भरपाई मागणाऱ्याला ही माहिती देणं पोलीस ठाणं आणि आरटीओ यांच्यावर कलम १६० ने बंधनकारक आहे, त्यासाठी ठरलेली फी भरावी लागते.

मग तीन पत्रं लिहिली. एक पिकअपच्या मालकांना, एक त्यांच्या विमा कंपनीला आणि एक बहिणीच्या स्वतःच्या कंपनीला. तिसरं कशासाठी? उद्या समोरच्याने उलटा दावा केला तर आपल्या कंपनीला आधीच माहिती असावी म्हणून. तिन्ही रजिस्टर पोस्टाने पाठवली आणि पोचपावत्या जपल्या. विमा कंपनीच्या पत्रात एक ओळ मुद्दाम घातली होती: गाडी अमुक गॅरेजमध्ये आहे, सात दिवसांत तुमचा सर्व्हेअर पाठवून पाहणी करावी, त्यानंतर आम्ही दुरुस्ती सुरू करू. रमजान तोंडावर होता. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवणं तिला परवडणारं नव्हतं आणि न दाखवता दुरुस्त केली असती तर कंपनी म्हणाली असती, नुकसान आम्ही पाहिलंच नाही.

सर्व्हेअर सहाव्या दिवशी आला.

दोन सल्ले, जे ऐकले नाहीत

मधल्या काळात दोन हितचिंतक भेटले. पहिला एक ओळखीचा एजंट. त्याने सुचवलं की आज फुल पॉलिसी काढा, पंधरा दिवसांनी अपघात झाला असं दाखवू. दुसरा आमचा मिस्त्री. माणूस चांगला, पण म्हणाला, "डाव्या दरवाजाला जुना चरा आहे, तोही यात बसवू. चाचा, कंपनीचा पैसा आहे, कोण बघतंय?"

बहिणीने दोघांनाही नकार दिला. मिस्त्रीला ती म्हणाली, "बघणारा बघतोय, भाई." आणि तिने अर्जात स्वतःहून लिहायला लावलं की डाव्या दरवाजावरचा चरा जुना आहे, त्याची भरपाई मागितलेली नाही.

याला कुणी भोळेपणा म्हणेल. पण सर्व्हेअर आला तेव्हा त्याची पहिली नजर त्या दरवाजावरच गेली. आम्ही अर्जातली ओळ दाखवली. त्यानंतर डिकीच्या आतल्या वाकलेल्या फ्रेमबद्दल त्याने वाद घातला नाही, नोंद करून घेतली. कोर्टातही असंच असतं. एक खोटी बाब सापडली की बाकीच्या नव्वद खऱ्या बाबींवर शंका येते. आखिरतचा हिशेब तर वेगळाच.

आकड्यांचं भांडण

गॅरेजचं एस्टिमेट असं होतं: डिकीचं दार १४,५०० रुपये, मागचा बंपर ६,२००, दोन टेललॅम्प ५,१००, डेंटिंग-पेंटिंगची मजुरी १६,००० आणि वाकलेली फ्रेम सरळ करण्याचे ५,०००. एकूण ४६,८०० रुपये.

दीड महिन्याने विमा कंपनीतून फोन आला. "तडजोड म्हणून २०,३५० देऊ, सही करून टाका." मी विचारलं, हा आकडा कसा काढला ते ईमेलवर कळवा. दोनदा आठवण केल्यावर हिशेब आला. तो वाचकांनी नीट पाहावा, कारण बहुतेक ठिकाणी कात्री याच जागी चालते.

डिकीच्या दारातून त्यांनी ४० टक्के घसारा कापला होता, त्याचे ८,७०० धरले. बंपर आणि दिवे प्लास्टिकचे म्हणून ५० टक्के कापून ३,१०० आणि २,५५० धरले. मजुरी १६,००० ऐवजी ७,००० केली. फ्रेमचं काम "जुनं असण्याची शक्यता" म्हणून शून्य. वर १,००० रुपये "सक्तीची वजावट".

आम्ही प्रत्येक कपातीला वेगळं उत्तर लिहिलं.

घसाऱ्याचा तो तक्ता विमा कंपनी आणि तिचा स्वतःचा ग्राहक यांच्यातल्या कराराचा भाग आहे. गाडी पाच ते दहा वर्षांची असेल तर धातूच्या भागांवर ४० टक्के, प्लास्टिक-रबरावर ५० टक्के, हे त्या करारात असतं. बहिणीने त्यांच्याशी असा करार केलेला नाही. तिचा हक्क करारातून येत नाही, दुसऱ्याच्या चुकीने झालेल्या नुकसानीतून येतो. तिथे प्रश्न एवढाच की गाडी पूर्वीसारखी करायला वाजवी खर्च किती. हं, जुन्या भागाच्या जागी नवा बसल्याने आपला काही फायदा झाला असेल तर न्यायाधिकरण थोडी रक्कम कमी करू शकतं, हेही मान्य करायला हवं. पण सरसकट तक्ता लावता येत नाही.

१,००० रुपयांची वजावटही तशीच. ती स्वतःच्या गाडीचा क्लेम करणाऱ्याला लागते. तिसऱ्या पक्षाला तिचा संबंध नाही.

मजुरीसाठी आम्ही दुसऱ्या गॅरेजचं कोटेशन आणलं. ते एकूण ४४,९०० रुपयांचं होतं. दोन वेगळ्या माणसांचे आकडे इतके जवळ येतात तेव्हा पहिला आकडा फुगवलेला नाही हे आपोआप दिसतं.

फ्रेमसाठी फोटो कामाला आले. मिस्त्रीने बंपर काढला तेव्हा भाचीने आतले फोटो काढले होते. वाकलेल्या जागी रंगाचा ताजा पापुद्रा निघालेला होता, गंज कुठेही नव्हता. तुटलेला बंपर आणि फुटलेले दिवे आम्ही पोत्यात बांधून ठेवले होते. जुने भाग भंगारात देण्याची घाई करू नका.

कंपनीने आणखी एक खडा टाकून पाहिला. चालकाच्या लायसन्सवर मालवाहू गाडीची वेगळी नोंद नाही, असं कळवलं. पण ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचं लायसन्स पुरेसं आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. पिकअप त्या वजनाच्या बराच आत बसतो. तेवढं लिहिल्यावर तो मुद्दा परत आला नाही.

समोरच्या पॉलिसीची मर्यादाही विचारून घ्यावी. चारचाकीच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान साधारणपणे साडेसात लाखांपर्यंत आणि दुचाकीच्या पॉलिसीत एक लाखापर्यंत भरलं जातं. मात्र थोडा हप्ता वाचवायला काही जण ही मर्यादा ६,००० रुपयांवर आणून ठेवतात. मग वरची रक्कम गाडीमालकाच्या खिशातून मागावी लागते. तुमच्या स्वतःच्या पॉलिसीतही ही ओळ आजच तपासा. शंभर रुपये वाचवताना उद्या चाळीस हजारांचा बोजा अंगावर येऊ नये.

शेठ का मुकरले

पिकअपच्या मालकांना मी समक्ष भेटलो. भांडायला नाही, विचारायला. चहा झाल्यावर ते खरं बोलले. त्यांच्या एजंटने सांगितलं होतं की चूक कबूल केली तर नो क्लेम बोनस जाईल आणि पुढचा हप्ता वाढेल.

मी त्यांना सांगितलं, "शेठ, तो बोनस तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर असतो. थर्ड पार्टीच्या दाव्याने तो जात नाही. हप्ता तुम्ही भरलाय तो अशाच दिवसासाठी. आणि कंपनीने दिलं नाही तर कोर्ट तुम्हालाच भरायला लावेल." मग भाचीच्या वहीतल्या त्या पानाची झेरॉक्स दाखवली. आपल्या पोराची सही त्यांनी ओळखली. आठवड्याभरात त्यांनी कंपनीला लेखी कळवलं की धडक आपल्याच गाडीची होती.

समोरचा माणूस दर वेळी खोटाच असतो असं नाही. पुष्कळदा तो घाबरलेला असतो.

न्यायाधिकरण आणि लोकअदालत

शेठच्या पत्रानंतरही कंपनी २५,००० च्या वर सरकेना. पाचवा महिना संपत आला होता. मग अर्ज दाखल केला. चालक, मालक आणि विमा कंपनी, तिघांनाही सामनेवाले केलं. यातलं एकही नाव सोडू नये.

वकिलाच्या खर्चाची काळजी होती. पण विधी सेवा प्राधिकरण कायद्यात स्त्रीला मोफत वकील मिळतो, मग तिचं उत्पन्न कितीही असो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय कोर्टाच्या आवारातच असतं. तिथे साधा अर्ज दिला आणि वकील मिळाले. आपल्या किती भगिनींना हे माहीत आहे? घरातल्या पुरुषांनीही हे माहीत करून घ्यावं आणि सांगावं.

काही तारखा झाल्या. शेवटी प्रकरण राष्ट्रीय लोकअदालतीत ठेवलं गेलं. तिथे कंपनीचे अधिकारी तडजोडीचे अधिकार घेऊन बसतात. पण लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. म्हणून किती रकमेच्या खाली जायचं नाही, हे घरूनच ठरवून जावं. आम्ही ३८,००० ठरवले होते. घसाऱ्याचा थोडा भाग सोडावा लागेल हे धरलं होतं. ३९,००० वर मिटलं.

अपघातापासून पैसे खात्यात येईपर्यंत सुमारे सव्वा वर्ष गेलं. गाडी मात्र आधीच, रमजानपूर्वी दुरुस्त झाली होती. ते पैसे मी आणि मोठ्या भावाने कर्ज-ए-हसना म्हणून दिले होते. ४६,८०० गेले, ३९,००० आले. हिशेब पुरता जुळला नाही. पण कंपनीच्या पहिल्या आकड्यापेक्षा १८,६५० रुपये जास्त मिळाले आणि एका बेवा बाईला ती रक्कम लहान नाही.

तुमची फुल पॉलिसी असेल तर

तर रस्ता सोपा आहे. आपल्याच कंपनीकडे क्लेम करा, गाडी लवकर दुरुस्त होते. तिथे मात्र घसारा आणि वजावट लागू होते आणि तुमचा नो क्लेम बोनस जातो. तो पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत चढलेला असेल तर लहान नुकसानीसाठी क्लेम करणं महागात पडू शकतं. आकडेमोड करून ठरवा. तुम्हाला दिलेली रक्कम तुमची कंपनी पुढे समोरच्याकडून वसूल करू शकते. जी रक्कम तुम्हाला तुमच्या कंपनीकडून मिळाली नाही, ती तुम्ही समोरच्याकडे मागू शकता. मात्र एकच रुपया दोन्हीकडून घेता येत नाही. "पूर्ण व अंतिम" लिहिलेल्या कागदावर सही करण्याआधी तो कागद पुरता वाचा, किंवा वाचून घ्या.

मनातला प्रश्न

बहीण सुरुवातीला म्हणत होती, "जाऊ द्या भाईजान, सब्र करू." आणि एका वाचक भगिनीने विचारलंय की विमा कंपनीचा असा पैसा घ्यावा का.

मी आलिम नाही. एवढं जाणतो की दुसऱ्याच्या मालाचं नुकसान केलं तर ते भरून देण्याची जबाबदारी आपल्या फिक्हमध्येही आहे. ती जबाबदारी चुकवणाऱ्याच्या वतीने कोण पैसे देतो, याबद्दल मनात शंका असेल तर आपल्या विश्वासातल्या मुफ्तीसाहेबांना विचारा. न्यायाधिकरण निकालात रकमेवर व्याजही लावू शकतं. आमच्या तडजोडीत व्याज नव्हतं, पण तुमच्या निकालात आलं तर त्या भागाचं काय करायचं तेही विचारून घ्या.

सब्राबद्दल मात्र ठामपणे बोलतो. माफ करणं मोठं काम आहे. त्या पोराकडे काही नसतं आणि बहिणीने माफ केलं असतं तर मी तिचा हात धरला नसता. पण कंटाळून हक्क सोडणं आणि त्याला सब्र म्हणणं, हे वेगळं. फाइल घेऊन पाचव्यांदा त्याच पायऱ्या चढणं, आवाज न चढवणं, खोटं न घालणं, हेही सब्रच आहे.

आणि शेवटचं, जे स्वतःला आधी सांगतो. सूरह मुतफ्फिफीनमध्ये इशारा आहे तो घेताना पुरतं माप घेणाऱ्यांना आणि देताना कमी देणाऱ्यांना. आज धडक आपल्याला बसली. उद्या आपल्या मुलाच्या हातून बसेल. तेव्हा तो तिथे थांबेल का? आपला नंबर देईल का? आपण आपल्या कंपनीला खरं लिहून देऊ का, की एजंटचं ऐकून त्या शेठसारखं म्हणू, "त्यांनीच अचानक ब्रेक मारला"?

गाडीच्या कप्प्यात लायसन्स आणि पॉलिसीच्या प्रतींसोबत एक छोटी वही आणि पेन ठेवा. दोन्ही बाजूंना ती उपयोगी पडेल.

पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह, भाड्याच्या घराचा करार आणि अनामत रक्कम यावर बोलू. अल्लाह आपल्या सगळ्यांच्या प्रवासाची हिफाजत करो. आमीन.